जुन्या लॅपटॉपला स्वस्तातली एसएसडी टाकावी की नाही? घरात दोन तट पडलेत

कासवछाप:
लॅपटॉप आठ वर्षांचा. सातव्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क तीही ५४०० आरपीएमवाली (मिनिटाला ५४०० फेरे). बटण दाबून मी अंघोळ करून येते तरी ते गोल गोल फिरतच असतं, आणि डेस्कटॉप दिसला म्हणजे सुरू झाला असं समजू नका, ब्राउझरवर क्लिक केलं की आतून नुसतं खर्र खर्र खर्र. टास्क मॅनेजर उघडून बघितला (तोही मनात आलं तर उघडतो) तर सीपीयू ८-१० टक्के आणि डिस्क १०० टक्के, लालभडक.
काम फार नाही. टायपिंग, एक्सेल, पीडीएफ, दहाबारा टॅब, रात्री एखादा व्हिडिओ. गेम नाही की एडिटिंग नाही. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, २४० जीबीची सगळ्यात स्वस्त, सॅटावाली (हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणारी) घ्यावी म्हणतेय. भाऊ म्हणतो डोळे झाकून टाक. नवरा म्हणतो चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यापेक्षा नवीनच घे. बोला.

पेचकस:
भावाचं ऐका. ५४०० आरपीएम म्हणजे तबकडीचा एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या सुईखाली म्हणा) यायला सरासरी अर्धा फेरा, वर हेड सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली वाचायच्या तर सेकंदाला साठ-सत्तर वेळा, फार तर शंभर, त्यापुढे बिचारीची पोच नाही. आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली मागतं. ती तुमची खर्र खर्र म्हणजे हेडची पळापळ आहे.
एसएसडीत फिरणारं काहीच नाही, एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास उत्तर येतं. स्वस्त असो की महाग, हा फरक तसाच राहतो, आणि सॅटाचीच मर्यादा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास असल्यामुळे भारीतली घेऊन तुमच्या कामात डोळ्याला काही दिसणार नाही. टाका आणि मोकळ्या व्हा.

ताक_फुंकून:
थांबा जरा. मीही असाच डोळे झाकून टाकली होती, सगळ्यात स्वस्त. पहिले काही महिने स्वर्ग. चौदाव्या महिन्यात एका सकाळी बटण दाबलं तर बूट डिव्हाइस नाही म्हणे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचा सेटिंगचा स्क्रीन) बघतो तर डिस्कचं नावच नाही, जणू काही तिथे कधी काही लावलंच नव्हतं. आवाज नाही, आधी काही कुरकुर नाही. हार्ड डिस्क मरताना निदान टकटक तरी करते हो, निरोप देऊन जाते. वॉरंटीत नवी डिस्क मिळाली, डेटा गेला तो गेलाच.
स्वस्त का असते ते बघा. आत डीरॅम (कुठला डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) नसते, डेटा साठवणारे सेल बऱ्याचदा क्यूएलसी, म्हणजे एका सेलमध्ये चार बिट कोंबलेले. आणि बॉक्सवर नाव तेच ठेवून आतला कंट्रोलर (डिस्कचा कारभार बघणारी चिप) आणि मेमरीची चिप बदललेली असू शकते, त्यामुळे गेल्या वर्षीचा रिव्ह्यू वाचून घेतलेला माल तोच असेल याची खात्री नाही. मी एकदा ६० जीबीचं फोल्डर टाकत होतो, सुरुवातीला सेकंदाला ४०० एमबीचा स्पीड, मग कॅश (आतली छोटी वेगवान जागा) भरली आणि ४० वर येऊन बसला, जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू.

पेचकस:
अहो ताई एक्सेल करणार आहेत, ६० जीबीचं फोल्डर रोज कोण कॉपी करतंय. आणि तुमची एक गेली म्हणून सगळ्याच वाईट?
हिशोब करू. २४० जीबीच्या साध्या डिस्कवर समजा ८० टीबी लिहिण्याची हमी आहे. रोज २० जीबी लिहिलं, जे ताईंच्या कामाला खूप झालं, तरी ४००० दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षं. तोवर त्या लॅपटॉपचे बिजागर तरी राहतील का?

ताक_फुंकून:
हा ८० टीबीचा आकडा सगळे तोंडावर फेकतात. तो सेल झिजण्याचा हिशोब आहे. माझी झिजून नाही गेली, आतलं काहीतरी एका रात्रीत बसलं. टायर ५० हजार किलोमीटर चालेल म्हणून इंजिन बंद पडणार नाही असं होतं का?

पेचकस:
हे मात्र मान्य. पण मग त्यावर उपाय बॅकअप आहे, महाग डिस्क नव्हे. महागडीसुद्धा अशीच जाऊ शकते.

हिशोबाची_वही:
दोघेही डिस्कवरच भांडताय, ४ जीबी रॅम कुणी वाचलं का? विंडोज उघडून नुसतं बसलं तरी त्यातली निम्मी जाते, वर दहाबारा टॅब. रॅम भरली की विंडोज जागा करायला डिस्कवर लिहायला लागतं, आणि मग डिस्क १०० टक्के दिसते. म्हणजे दुखणं पोटात आणि शेक पायाला. आधी रॅम ८ करा, स्लॉट रिकामा असला तर दहा मिनिटांचं काम आहे. एसएसडी टाकून रॅम ४ च ठेवली तर तेच लिहिणं आता एसएसडीवर होणार, जास्त वेगाने एवढंच.

पेचकस:
रॅम हवीच, पण रॅम वाढवून चालू व्हायला लागणारा वेळ कमी होत नाही, तिथे टॅब एकही उघडलेला नसतो. माझ्या हातून बरेच लॅपटॉप गेलेत, एकच करायचं म्हटलं तर मी एसएसडी आधी टाकतो.

खिडकीबंद:
मी नवऱ्याच्या बाजूने. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा सातवा. म्हणजे इंजिन बदलून गाडी पळेल पण रस्ताच बंद. अशा मशीनवर बँकेचं काम करणार का? पैसे साठवा आणि नवीन घ्या.

रात्रकिडा:
रस्ता बंद वगैरे काही नाही, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, टायपिंग आणि ब्राउझरला काय लागतं. बरं, उद्या लॅपटॉप भंगारात गेला तरी एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये घातली की पेन ड्राइव्हसारखी वापरता येते, पैसे बुडत नाहीत. फक्त त्यात फोटो भरून वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका, वीज न मिळता पडून राहिली तर सेलमधला चार्ज हळूहळू गळतो.

खिडकीबंद:
एक्सेलमध्ये काम करणाऱ्या बाईला लिनक्स सांगणारा माणूस प्रत्येक धाग्यात असतोच.

रात्रकिडा:
आणि नवीन घ्या म्हणणारा दुसऱ्याच्या पैशाने शूर असतो.

टेबलाखाली:
भांडण चालू द्या. कासवछाप, तुम्ही आधी एक करा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे किती सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) बाद करून दुसरीकडे हलवले, सी५ म्हणजे किती सेक्टर वाचायला अडतायत आणि अजून निकाल लागलेला नाही. तिथे शून्य नसेल तर डिस्क १०० टक्के दिसण्याचं कारण हेही असू शकतं, एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचत बसते.
आणि खरेदीआधी मागचं झाकण उघडून बघा. एखादा स्क्रू रबरी पायाखाली दडलेला असतो, तो राहिला आणि झाकण ओढलं की कड तुटते. स्क्रू कागदावर काढलेल्या चित्रात ज्याच्या त्याच्या जागी चिकटवून ठेवा, लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर बोर्डात घुसतो. आत एम टू स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची खाच) दिसला तर लगेच नाचू नका, तो सॅटा घेतो की एनव्हीएमई (त्याहून वेगवान प्रकार) ते मॉडेलच्या माहितीत बघा, दोन्ही कार्डं दिसायला जवळजवळ सारखीच असतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा. लोक ही विसरतात आणि मग रडतात.

कासवछाप:
बघितलं. वर पिवळ्या चौकोनात कॉशन लिहिलंय. ०५ शून्य, सी५ शून्य नाही.

ताक_फुंकून:
लॅपटॉपवर दुसरं काही करू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. क्लोन करायच्या भानगडीत आत्ता पडू नका, अडलेल्या डिस्कवर अख्खी कॉपी करताना ती मान टाकायची शक्यता जास्त. एसएसडी, रॅम, नवीन लॅपटॉप, सगळे वाद नंतर.

पेचकस:
इथे ताक भाऊंना पूर्ण पाठिंबा. नवीन डिस्कवर विंडोज कोरं टाका.

कासवछाप:
(सहा दिवसांनी) मंडळी, अपडेट. कॉपी रात्रभर चालली, एका फोल्डरपाशी पाऊण तास अडकून बसली होती, मी शेजारी बसून बघतेय जसं काही आयसीयूबाहेर. तीन व्हिडिओ निघाले नाहीत, त्यातला एक मुलीच्या पहिल्या पावलांचा. तो भावाच्या फोनमध्ये सापडला म्हणून वाचले.
एसएसडी घेतली. सगळ्यात स्वस्त नाही, तिच्या वरची, ५०० जीबी, टीएलसी (एका सेलमध्ये तीनच बिट). रॅमचा एक स्लॉट मोकळा होता, त्यात ४ जीबी टाकली. स्क्रू कागदावर चिकटवले होते तरी शेवटी एक उरलाच, कुठला ते कळत नाही. बटण दाबल्यापासून १९ सेकंदांत डेस्कटॉप, मोजून. आवाज बंद झालाय तर चालू आहे की नाही तेच समजेना, पहिल्या दिवशी दोनदा बटण दाबून बंद केला. बँकेचं काम फोनवर. लिनक्सबद्दल रात्रकिडा यांच्याशी नंतर बोलते.
नवऱ्याचं मत बदललेलं नाही, पण काल रात्री लॅपटॉप त्याच्याच मांडीवर होता.

ताक_फुंकून:
चौदा महिन्यांनी परत विचारेन. बॅकअप कुठे घेताय?

कासवछाप:
ते अजून ठरायचंय…

ताक_फुंकून:
ताई!!

टेबलाखाली:
तो उरलेला स्क्रू लांब आहे की आखूड?