पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये जैवविविधता कायदा सक्तीचा हवा का?

सह्यवेल
डिसेंबर 2019 मध्ये यूजीसीने पीएचडीला ‘संशोधन व प्रकाशन नैतिकता’ हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा केला. त्यात वाङ्मयचौर्य आहे, बोगस नियतकालिकं आहेत. पण ज्या वनस्पतीवर प्रबंध उभा राहतो ती कुणाच्या रानातून आणि कुणाच्या सांगण्यावरून आणली, याबद्दल अवाक्षर नाही. वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आयुर्वेद, कृषी या शाखांतल्या संशोधकांना 2002 चा जैवविविधता कायदा आणि नागोया करार (वनस्पती-प्राणी आणि त्यांबद्दलचं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याने ते जपणाऱ्यांना लाभाचा वाटा द्यावा, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय करार) शिकवल्याशिवाय नमुने गोळा करायला पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचंच बघा. कर्करोगावरच्या औषधांना लागणारं कॅम्पटोथेसिन त्यात आहे, हे 1972 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच दाखवलं. पुढे मागणी वाढली आणि सह्याद्रीत ही झाडं मुळासकट गेली. उलट 1987 मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरात काणी आदिवासींनी थकलेल्या शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा या रानवनस्पतीची फळं खायला दिली. त्यातून ‘जीवनी’ औषध निघालं, आणि तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संशोधन संस्थेने परवाना शुल्क व रॉयल्टीचा निम्मा वाटा काणींसाठी ठेवला. तेव्हा कायदा नव्हता, त्या माणसांना जाण होती. ती जाण योगायोगावर का सोडायची?

पेट्रीडिश
सक्तीला माझा विरोध आहे. भारतीय विद्यार्थी भारतातच अभ्यास करत असेल तर या कायद्याखाली त्याला परवानगी लागतच नाही. शोधनिबंध छापणं म्हणजे निष्कर्षांचं हस्तांतरणही नव्हे, असं कायदाच सांगतो. मग परीक्षेला आणखी एक विषय कशासाठी?

आधीच या व्यवस्थेचा सगळ्यात जास्त त्रास वर्गीकरण करणाऱ्यांना होतो. नवी पाल किंवा नवा खेकडा पक्का ठरवायचा तर परदेशी संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडून बघावा लागतो. 2018 मध्ये केरळचे कीटकशास्त्रज्ञ के. डी. प्रतापन आणि जगभरातल्या दीडशेहून अधिक संशोधकांनी हीच तक्रार जाहीरपणे मांडली: व्यापारासाठी केलेले नियम निव्वळ अभ्यासाचा गळा आवळतात. नरक्या तोडला तो व्यापाऱ्यांनी. त्यांना शिकवा ना!

सह्यवेल
परवानगी लागत नाही, हे बरोबर. पण कुठपर्यंत? नमुना परदेशातल्या सहकाऱ्याकडे पाठवायचा झाला की चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आली. पेटंट मिळण्याआधीही तिथेच जावं लागतं. ही रेषा कुठे आहे ते विद्यार्थ्याला कुणी सांगतच नाही, म्हणून एकजण नको तिथे घाबरून काम सोडतो आणि दुसरा बेधडक पाकीट कुरियर करतो. प्रतापन यांची तक्रार मला पटते. पण तिचं उत्तर नियम सोपे करणं हे आहे. नियम बदलायचे तरी ते आधी माहीत हवेत.

गावकूस
याच कायद्याखाली नेमलेल्या आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर मी आहे. तुम्ही दोघंही विद्यापीठाच्या आतूनच बोलताय. लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या ज्ञानाची नोंद, करायला हरित लवादाने जानेवारी 2020 ची मुदत दिली आणि आमच्याकडे ती घाईघाईत भरली गेली. जाणत्या बायांना कुणी नीट विचारलं नाही. संशोधक येतात, वैदूशी दोन तास बोलतात, फोटो काढतात, जातात. त्यांनी ग्रामसभेपुढे उभं राहून आपण काय नेतोय आणि कशासाठी, हे मराठीत सांगावं. हे शिकवणार असाल तर माझा पाठिंबा. नुसती कलमं पाठ करून घेणार असाल तर नको.

पेट्रीडिश
गावकूस यांचं म्हणणं मला मान्य आहे, पण ते वर्गात शिकता येतं असं वाटत नाही. ते मार्गदर्शकाबरोबर रानात जाऊनच येतं. शिवाय आता नमुना हलवावा लागतच नाही. त्याचा जनुकीय क्रम, म्हणजे डीएनएची मांडणी, डेटाबेसवर चढवला की जगात कुणीही वापरू शकतो. अशा वापराच्या मोबदल्यासाठीचा आंतरराष्ट्रीय काली निधी फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झाला, पण कंपन्यांनी त्यात पैसे घालणं ऐच्छिक आहे. ज्याच्या हाती खरा पैसा आहे त्याला ऐच्छिक आणि विद्यार्थ्याला सक्ती? हा न्याय मला पटत नाही.

सह्यवेल
कंपन्यांवर सक्ती हवीच, त्यात वाद नाही. पण तो क्रम चढवतो आपलाच विद्यार्थी, आणि नमुना कुठल्या गावचा ही नोंद त्याच क्षणी त्याने केली नाही तर पुढे कुणाला वाटा द्यायचा हे कुठल्याही निधीला शोधता येणार नाही. गावकूस, तुमच्या समितीसमोर अशी माहिती देण्याचा एक तास कोर्सवर्कमध्येच धरला, तर समिती वेळ देईल का?

गावकूस
देईल. मात्र भातलावणीचे दिवस सोडून या.