मदत हवी आहे: पद्मिनीचं इंजिन स्टँडवर चढवायचंय, चारपैकी तीनच बोल्ट लागतायत

मंडळी नमस्कार. मामांची ८७ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि ऑइल सारखं टॉपअप करावं लागतं, म्हणून इंजिन उतरवून रिंग-पिस्टन, बेअरिंग सगळंच बघून घ्यायचं ठरवलं. गिअरबॉक्स सोडवलाय, इंजिन बाहेर आलंय, आत्ता चेन पुलीला लटकतंय.

कोल्हापुरात उद्यमनगरातून एकाकडून वापरलेला इंजिन स्टँड आणलाय, तीन चाकं आहेत, पुढे फिरणारी चकती आणि तिला चार हात. ब्लॉकच्या मागे गिअरबॉक्सचे बोल्ट बसतात त्याच भोकांना हे हात लावायचे हे कळलं, पण चौथा हात दोन बोटं कमी पडतो. शेजारचे मिस्त्री म्हणतात तीनवर बिनधास्त चढव, आम्ही दोनवर पण ठेवतो. मला काय धीर होईना राव. इंजिन १०८९ सीसीचंच आहे पण ब्लॉक बिडाचा, पायावर आला तर संपलंच. तर तीन बोल्टवर चालेल का, का बाजूच्या माउंटिंगला पट्टी मारून आधार देऊ? आणि फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) काढायलाच पाहिजे का? तेवढं काम वाचलं तर बरं.

तेरा_चौदाचा_पाना:
आधी ते लटकतंय ते खाली घे भावा! चेन पुली उचलायला असते, टांगून ठेवायला नाही. जुना टायर आडवा टाक आणि त्यावर इंजिन टेकव, म्हणजे खालचं ऑइलचं चेंबरपण चेपत नाही, मग निवांत विचार कर.

फ्लायव्हील काढावंच लागेल, क्लच प्लेटसकट. ते असताना हात भोकांपर्यंत नीट जात नाहीत आणि चकती त्यालाच आपटते. आणि हेही ध्यानात ठेव की मागचं क्रँकचं ऑइल सील आणि फ्लायव्हील स्टँडवर असताना बसवता येत नाही, ती बाजू स्टँडनेच अडवलेली असते. ते काम शेवटी, इंजिन परत उतरवल्यावर.

लेथवाला_सांगली:
तीन बोल्टवर नुसतं उभं राहील हो, राहणार नाही असं नाही. पण तुम्ही ते उलटं करणार, हेड (ब्लॉकवरचं झाकण) सोडताना लांब पाना लावून जोर काढणार, तेव्हा सगळा पीळ त्या तीन आट्यांवर येतो आणि बिडातले आटे एकदा गेले की ते काम वेगळंच. बाजूला पट्टीबिट्टी नको, फिरवताना तीच मधे येईल.

सरळ प्लेट करून घ्या. पुठ्ठा ब्लॉकच्या मागच्या तोंडावर दाबून धरा, कडेकडेने हातोडीच्या गोल बाजूने हलकं ठोकत जा, तेलकट भोकांचे छाप पुठ्ठ्यावर बरोब्बर उठतात. तो पुठ्ठा फॅब्रिकेशनवाल्याला द्या, १० एमएम जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट कापून भोकं पाडून देईल. प्लेट ब्लॉकला, हात प्लेटला. चकतीचा मध्य क्रँकच्या मध्यापेक्षा थोडा वर ठेवा, कारण हेड असेपर्यंत वजन वरच्या अंगाला असतं, मध्य खाली धरला तर चकती अडकवणारी पिन काढताच इंजिन गर्रकन फिरतं.

बोल्ट ८.८ ग्रेडचेच (म्हणजे मजबुतीचा आकडा), डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो बघून घ्या. १० एमएमच्या बोल्टात १.२५ आणि १.५ असे दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मिळतात, तेव्हा गिअरबॉक्सचा काढलेला बोल्ट दुकानात घेऊन जा. पहिले पाच-सहा आटे हातानेच गेले पाहिजेत. किमान १५ एमएम तरी आत गेला पाहिजे, आणि लांबी जास्त झाली तर बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, प्रत्यक्षात प्लेट ढिलीच.

धागाकर्ता:
प्लेटचं पटलं, उद्या पुठ्ठा घेतो. चढवताना क्रम काय? स्टँड जवळ ढकलून बोल्ट मारायचे का?

तेरा_चौदाचा_पाना:
नाही नाही. चकती दांड्यासकट स्टँडमधून उपसून काढ. इंजिन पुलीवर घे, साखळी ब्लॉकच्या किंवा हेडच्या दणकट बोल्टांना, मॅनिफोल्डच्या स्टडला अजिबात नको. लटकत्या इंजिनाला प्लेट आणि चकती पक्की कर, मग दांड्याला जरा ग्रीस लावून स्टँडच्या पाइपात सरकव, पिन घाल, आणि पुली बोटबोट सोडत जा. स्टँड वाकतोय का, चाक रुततंय का बघ, साखळी सैल झाली तरी पाच मिनिटं काढू नको. हात-पाय खाली घालायचे नाहीत, बोल्ट पडला तर पडू दे. ऑइल आधीच काढलंयस ना? नाहीतर उलटं करताना आंघोळ.

लेथवाला_सांगली:
आणि ते तीन चाकी प्रकरण. इंजिन चढलेलं असताना ढकलाल आणि पुढचं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं तर स्टँड आडवा. प्लेटचं काम करताय तिथेच पुढे आडवा अँगल वेल्ड करून दोन चाकं लावून घ्या, तासाभराचं काम आहे.