'फ्लेकी टेस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अनेक वर्करवर (रांगेतली कामं उचलून करणाऱ्या वेगवेगळ्या प्रोसेसवर) चालणाऱ्या वर्कफ्लो सॉफ्टवेअरच्या चाचण्यांवर टिपण लिहितेय. कोडचं अक्षर न बदलता चाचणी कधी पास, कधी नापास. अशा चाचणीला 'अस्थिर' म्हणावं की 'लहरी'?

पहिलं उत्तर: 'अस्थिर' नको. हवामान अस्थिर, सरकार अस्थिर. 'लहरी' बरा आहे.

दुसरं उत्तर: 'लहरी'ला माझा विरोध. लहर म्हणजे मनाला येईल तसं वागणं. इथे कारण असतं, फक्त दिसत नाही. ट्रान्झॅक्शन कमिट व्हायच्या, म्हणजे डेटाबेसमधली नोंद पक्की व्हायच्या आत काम रांगेत गेलं, एखाद्या वर्करनं ते लगेच उचललं आणि डेटाबेसमध्ये त्याला नोंदच सापडली नाही. किंवा वर्कर अर्ध्यात मेला, पोच न मिळालेलं काम ब्रोकरनं, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनं, दुसऱ्याला दिलं आणि तेच काम दोनदा झालं. यात लहर कुणाची? घटनांचा क्रम बदलला. 'क्रमाधीन' म्हणा.

तिसरं उत्तर: 'क्रमाधीन' शब्द दुसऱ्याच दुखण्याला लागेल. आधीच्या चाचणीनं मागे सोडलेल्या डेटावर पुढची चालते, ती क्रमाधीन. आपल्याला हवा तो शब्द लक्षणाचा आहे, कारणाचा नाही. 'बेभरवशाची' म्हणा. कारण पुढच्या वाक्यात सांगा. एका विशेषणावर किती भार टाकणार?

खरं तर याच्या उलट प्रकाराला नाव हवंय. सेलेरी ही पायथनमध्ये कामं रांगेत लावून वर्करांकडून करून घेणारी लायब्ररी; तिच्यात 'टास्क ऑलवेज ईगर' ही सेटिंग चालू केली की काम, ते सोडणाऱ्याच प्रोसेसमध्ये तिथल्या तिथे उरकतं. रांग नाही, दुसरा वर्कर नाही, वर सांगितलेली एकही भानगड होऊच शकत नाही. चाचणी कायम पास, आणि प्रत्यक्षात दोन वर्कर लावले की गोंधळ. हिला मी 'भाबडी' म्हणेन. एका फंक्शनचा हिशेब तपासायला भाबडी चाचणी पुरते, वाईट नाही ती. पण वर्करांचा आपसातला व्यवहार तपासायचा तर खरा ब्रोकर आणि निदान दोन प्रोसेस हव्यातच.

प्रश्नकर्ती: 'बेभरवशाची' आणि 'भाबडी' दोन्ही घेतले. 'वर्कर'साठी 'कामकरी' लिहू का?

पहिलं उत्तर: 'वर्कर'च ठेवा. पुढे 'काम चालू असताना कामकरी मारून पाहिला' असं वाक्य येणारच आहे.