सेटलरवरून (गाळ खाली बसवायची टाकी) गाळ वाहतोय, एसव्ही ८५०. हायपो (क्लोरिनचं द्रावण) किती टाकू?

कान्हकाठ
नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या लहान गावाचा ५०० केएलडीचा (दिवसाला ५०० घनमीटर) एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, साधा अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज (हवा देऊन जिवाणूंच्या गाळाने पाणी साफ करणारा). एअरेशन टाकी २५० घनमीटर, एमएलएसएस (टाकीतला तरंगता गाळ) २८०० मिग्रॅ/लिटर, पण ३० मिनिटांचा एसव्ही (लिटरभर पाण्यात बसलेला गाळ) ८५० मिली. वेअरवरून (सेटलरचा सांडवा) गाळाचे ढग निघतात आणि हे पाणी पुढे कान्ह नदीतच जातं. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) सकाळी १.८, रात्री ९ ते १२ मध्ये ०.४. येणाऱ्या पाण्याचा बीओडी (घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) २०० (सकाळी ११ चं सॅम्पल). सगळे म्हणतात हायपो टाका. किती टाकू? की हवेचा ब्लोअर वाढवू?

गाळमापी
एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिली जागा घेतो) काढा: ८५० × १००० ÷ २८०० = ३०३. दीडशेच्या पुढे गेला की गाळ फुगला. खात्रीसाठी टाकीतलं पाणी निम्मं, सेटलरचं नितळ पाणी निम्मं घेऊन पुन्हा ३० मिनिटं ठेवा. एसव्ही ३०० च्या खाली उतरला तर गाळच जास्त झालाय, वेस्टिंग (जादा गाळ बाहेर काढणं) वाढवा. ४०० च्या आसपास अडला तर तंतुमय जिवाणूंनी गाळ फुगवलाय.

एक गोष्ट सुटते बरेचदा. एसव्हीआय ३०३ असताना रिटर्नचा (सेटलरमधून टाकीत परत येणारा) गाळ साधारण ३३०० मिग्रॅ/लिटरपेक्षा घट्ट होतच नाही (१० लाख ÷ ३०३). वेस्टिंग पंपाचे जुनेच तास ठेवले तर कागदावर गाळ निघतो, टाकीत मात्र साठत जातो.

डिफ्यूझर
दादा, रात्रीचा ०.४ सोडू नका, दुखणं तिथे आहे. आधी ब्लोअरचं गेज बघा. पाणी ४ मीटर खोल असेल तर ०.४५ बारच्या आसपास हवं. ०.५५ दाखवत असेल तर मेम्ब्रेन (हवेचे बुडबुडे सोडणारे पडदे) चोकअप आहेत, दुसरा ब्लोअर लावून फायदा नाही.

गेज ठीक असेल तर रात्री ९ ला शेवटच्या मॅनहोलचं झाकण उघडा. आंबूस वास, पांढुरकं पाणी आणि पट्टीवर पीएच ५ च्या जवळ आला तर वर कुणीतरी पनीरचं पाणी सोडतंय. त्याचा बीओडी ४०,००० च्या घरात असतो. म्हणजे १००० लिटरला ४० किलो! तुमच्या गावाचा दिवसभराचा भार १०० किलो, त्या तीन तासांच्या वाट्याला जेमतेम साडेबारा. भार चौपट झाला की ऑक्सिजन संपतो आणि कमी ऑक्सिजनवर तगणारे तंतू बाकीच्यांना मागे टाकतात. सकाळी ११ च्या सॅम्पलमध्ये हे कधीच दिसणार नाही.

कान्हकाठ
पीएच ५.२. वास आंबूसच. वरच्या गल्लीत मिठाईचे दोन कारखाने आहेत. तपकिरी, दाट फेसही असतो.

डिफ्यूझर
फेस तेला-तुपाचा. नमकीनच्या भट्ट्याही बघून घ्या, ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी टाकी) आहे का आणि असला तर उपसतात का. पनीरचं पाणी वेगळ्या टाकीत धरून गोठ्यांना द्यायला लावा, गुरं पितात. तोवर ईक्यू टाकीतून (येणारं पाणी आधी साठवणारी) पंप थ्रॉटल करून, म्हणजे व्हॉल्व्ह आवळून, २४ तास सारखा तासाला २१ घनमीटर चालवा. रात्रीचा लोंढा एकदम आत घेऊ नका.

गाळमापी
आता हायपो, तंतू मारायला. टाकीत ७०० किलो एमएलएसएस, त्यातलं सजीव साधारण ४९०. हजार किलो सजीव गाळाला रोज २ ते ३ किलो क्लोरिन धरा, म्हणजे १० टक्क्यांचा हायपो १० ते १५ लिटर. खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. रिटर्न लाइनमध्ये जिथे पाणी खळखळतं तिथे, दिवसभर थेंबथेंब. एकदम ओतलात तर नायट्रिफायर (अमोनिया खाणारे जिवाणू) मरतात आणि अमोनिया चढतो. बाहेरचं पाणी दुधाळ दिसलं की त्याच क्षणी बंद. रोज एसव्ही घ्या, दीडशेच्या खाली एसव्हीआय आला की थांबवा. वरून येणारं पनीरचं पाणी बंद झालं नसेल तर मात्र तंतू पुन्हा येतील.