विषय: सोलापूरहून एका दिवसात पंढरपूर – घाट, पेठ आणि वाडे पायी

अनघा:

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आठवडाभर सोलापुरात आहोत. बरोबर मुलं आणि गुडघ्यांनी बेजार सासूसासरे. पंढरपूरला जायचंय, पण नुसतं रांगेत उभं राहून परत यायचं नाही. घाट, जुने वाडे, पेठ चालत बघायचीय. गाडी कुठवर न्यावी, सुरुवात कुठून करावी आणि नदीच्या वाळवंटात उतरता येतं का? लिस्टवर सोलापूरकर बरेच आहेत म्हणून विचारते.

श्रीकांत:

अनघाताई, आधी कालनिर्णय उघडा. एकादशी टाळा, दशमी-द्वादशीही टाळा. डिसेंबर म्हणजे कार्तिकी वारी होऊन गेलेली असते, ऊनही सोसवतं, त्यामुळे महिना चांगला निवडलात. कधी अधिक महिन्यात आलात तर मात्र महिनाभर रोजच जत्रा असते.

दुसरं, उजनी धरणाचं बघा. लोक पाऊस नाही म्हणून निर्धास्त असतात, पण पंढरपुरातलं पाणी पावसापेक्षा धरणावर चालतं. सोलापूर शहरासाठी टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यात जे पाणी घेतात ते उजनीतून भीमेच्या (म्हणजे आपल्या चंद्रभागेच्या) पात्रातूनच, पंढरपूरवरून येतं. त्यामुळे भर उन्हाळ्यातही एखाद्या सकाळी वाळवंट पाण्याखाली दिसतं. पावसाळ्यात नीरेचं पाणी नरसिंहपूरला भीमेत मिळतं, म्हणून उजनीचा विसर्ग कमी असला तरी पंढरपुरात जुना दगडी पूल बुडू शकतो. निघायच्या आदल्या दिवशी सोलापूरच्या पेपरात विसर्गाचा आकडा बघायचा. तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं असा असतो.

सकाळी ६ ला सोलापूर सोडा. पुणे रस्त्याने मोहोळ, तिथून डावीकडे, एकूण ७० किलोमीटरच्या वर थोडं. गाडी पेठेत घालू नका की ओ! प्रदक्षिणा मार्गाच्या आत शिरलेली गाडी दोन हातगाड्या आणि एका दिंडीच्या मधे अडकली की मागेही येत नाही. गावाच्या कडेला पार्किंगमध्ये लावा आणि रिक्षाने महाद्वार घाटाच्या तोंडापर्यंत या.

सुरुवात नदीपासूनच करा. घाटाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, पाण्याजवळच्या दोन-तीन शेवाळाने निसरड्या असतात. सासूसासऱ्यांना वरच बसवा, तिथून पुंडलिकाचं देऊळ सबंध दिसतं. मुलांना वाळवंटात न्या, पाणी घोट्याच्या वर असेल तिथे नको. वाळू उपसून पात्रात खड्डे पडलेत, वरून पाणी संथ दिसतं आणि एका पावलावर खोली बदलते. बुडण्याचे प्रकार बहुतेक असेच होतात. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर दुसरी होडी.

घाटावर वर बघायला विसरू नका. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं द्वारकाधीश आणि तिथून जवळच होळकर वाडा. होळकर वाड्याच्या आतलं लाकूडकाम आणि राममंदिर बघायला अर्धा तास ठेवा. दर्शनाच्या घाईत ही दोन्ही ठिकाणं बहुतेकांची सुटतात, आणि माझ्या मते पंढरपुरात बघण्यासारखं निम्मं इथेच आहे.

महाद्वार घाटावरून सरळ वर आलं की देवळाच्या दारात नामदेव पायरी. तिच्यावर पाय ठेवत नाहीत, मुलांना आधी सांगून ठेवा. समोरच चोखोबांची समाधी. देवळात मोबाईल चालत नाही, तो गाडीत नाहीतर लॉकरमध्ये. पदस्पर्शाची, म्हणजे विठोबाच्या पायांना हात लावायची रांग लांबलेली असेल तर लांबूनच मुखदर्शन घ्या, वेळ फार कमी लागतो. दुपारच्या नैवेद्याला आणि पुढे साडेचारच्या सुमारास पोशाखाला रांग थोडी थांबते, त्या वेळा धरून चुकवा. सोळखांबी मंडपाच्या बाजूला चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, शके ११९५ म्हणजे इ.स. १२७३ चा. चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून पिढ्यान्पिढ्या लोक त्याला पाठ घासत आलेत, दगड किती गुळगुळीत झालाय तो बघा.

वंदना:

श्रीकांतदादांनी गुडघ्यांचं अर्धवट सोडलं, म्हणून लिहिते. घाटाकडून चढ आणि पायऱ्या आहेत. ज्येष्ठांना पश्चिम बाजूने, चौफाळ्याकडून आणा, तिकडून वाट बरीच सपाट आहे. रांगेत ज्येष्ठांची वेगळी सोय त्या दिवशी आहे का, हे मंदिर समितीच्या माणसालाच विचारा. बाहेर ‘लगेच दर्शन करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

खरेदी. बुक्का घेताना चिमूटभर तळहातावर चोळून वास घ्या. चांगल्याला सुगंधी मुळ्यांचा वास मागे राहतो, हलका असेल तर नुसता कोळसा हाताला लागतो. टाळ काशाचे आणि वजनावर. दोन्ही वाट्या दोरीने अधांतरी धरून कडेला कड हळूच लावा. नाद लांबत गेला पाहिजे, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. मंडळाच्या भजनासाठी घेणार असाल तर सगळे जोड एकाच दुकानातून, एकत्र वाजवून घ्या, नाहीतर प्रत्येकाचा सूर वेगळा. कुंकू-बुक्का दुहेरी पिशवीत, मग डब्यात. विमानात पुडी फुटली की आख्खी बॅग काळी-लाल. पेढे तिथेच खा. पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्या मागेपर्यंत जातात, दिसली तर मुलांना दाखवा.

मार्गशीर्ष लागला असेल तर गोपाळपूरजवळचं विष्णुपद सोडू नका. त्या महिन्यात देव तिथे असतो म्हणून लोक डबे घेऊन वनभोजनाला जातात. मोठ्यांसाठी रिक्षा करा.

अनघा:

खूप आभार दोघांचे. परतीला मोहोळचाच रस्ता ना?

श्रीकांत:

नाही ताई, परत मंगळवेढ्यावरून या. थोडं लांब पडतं पण रस्ता चांगला आहे. चोखोबा, कान्होपात्रा, दामाजी तिघंही तिथलेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, किलोभर घेऊन सोलापुरात ज्यांच्याकडे उतरलात त्यांना द्या. पुढे माचणूरला भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ शेजारच्या ब्रह्मपुरीला होती. तिथे उजेडात पोचायचं म्हणजे पंढरपूर दुपारी ३ ला सोडलंच पाहिजे. विष्णुपद आणि माचणूर दोन्ही एका दिवसात बसत नाही, मुलांना विचारून एक ठरवा.