आईबाबांना घेऊन पाच दिवस दुबई, काय काय सांभाळायचं?

निळी छत्री:
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन दुबईला चाललेय, पाच दिवस. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. बाबा ७१ चे, गुडघे दुखतात पण चालतात, फक्त सलग फार वेळ नाही. एजंटने जो प्लॅन दिलाय त्यात रोज चार-चार ठिकाणं कोंबलीयेत, तो बघूनच मला दमायला झालं. राहायला कुठला भाग बरा, मेट्रोने फिरणं जमेल का सगळीकडे टॅक्सीच करावी, आणि काय सोडलं तरी चालेल हे कोणीतरी नीट सांगा. मावसबहीण शारजाला असते, एक संध्याकाळ तिच्याकडे. आईने तिच्यासाठी अनारसे, चिवडा आणि घरचा गोडा मसाला न्यायचं आत्ताच ठरवून टाकलंय.

बरदुबईकर:
ताई, बाकी सगळं नंतर, आधी अनारशांचं बोलतो. त्यावर खसखस असते ना? यूएईत खसखशीवर बंदी आहे, पूर्ण बंदी, ती तिथे अमली पदार्थांच्या यादीत येते, थोडीशीच आहे, घरचीच आहे असं म्हणून चालत नाही. गोड्या मसाल्यातही बऱ्याच घरांत खसखस भाजून घालतात, त्यामुळे आईंना विचारा आणि असेल तर मसाला घरीच ठेवा. चिवडा बिनधास्त न्या. पान, गुटखा, खायची तंबाखू यातलं काही बॅगेत नको, बाबांना सवय असेल तर आधीच सांगून ठेवा.

दुसरं औषधं. गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल असलेली गोळी चालू असेल किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तिथल्या सरकारी साइटवरून आधी परवानगी घ्यावी लागते. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांना अडचण नाही, पण मूळ पाकिटातच ठेवा, त्या आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत काढून नका नेऊ, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या ज्यात गोळीच्या ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही असेल. माझ्या सासऱ्यांच्या वेळी कस्टम्सवाल्याने एकेक पाकीट उचलून चिठ्ठीशी ताडून पाहिलं होतं, सगळं जुळलं म्हणून पाच मिनिटांत सुटलो.

राहायला बर दुबई किंवा करामा. नव्या दुबईतल्या मरीनाचे फोटो भारी दिसतात पण तिथून जुन्या दुबईत यायचं म्हणजे मेट्रोत पाऊण-एक तास. बुर्जुमान स्टेशनच्या आसपास हॉटेल घ्या, तिथे रेड आणि ग्रीन दोन्ही लाइन मिळतात आणि शाकाहारी जेवण हाकेच्या अंतरावर. बुकिंगच्या रकमेशिवाय हॉटेलवाले टुरिझम दिरहम म्हणून दर खोलीला दर रात्रीचे ७ ते २० दिरहम वेगळे घेतात, ते सरकारी आहे, वाद घालू नका.

वाळूघड्याळ:
मी गेल्या वर्षी आईला घेऊन गेले होते, तिचं वय ६८. मला सगळ्यात जास्त कशाने दमवलं तर चालण्याने! दुबई मॉल स्टेशन नाव वाचून वाटतं उतरलो की मॉल, पण स्टेशनपासून मॉलपर्यंत बंदिस्त एसी पूल आहे, पाऊण किलोमीटरच्या वर, सरकते पट्टे आहेत पण मधेमधे तुटक, आणि मग मॉलच्या आत कारंज्यापर्यंत पुन्हा तेवढंच. आम्ही पोचेपर्यंत आईचा चेहरा उतरला होता. परत येताना मॉलच्या दारातून टॅक्सी केली आणि मग कळलं की जातानाच करायला हवी होती. त्यामुळे माझं मत, लांबचं अंतर मेट्रोने कापा आणि शेवटचा तुकडा टॅक्सीने.

मेट्रोसाठी सिल्व्हर नोल कार्ड घ्या, २५ दिरहमला मिळतं आणि त्यात १९ वापरायला असतात, पण प्रत्येकाचं वेगळं लागतं, एकावर तिघं नाही जात. बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, फलाटावर गुलाबी खुणा असतात, बाबा चुकून तुमच्यामागे त्यात चढले तर १०० दिरहम दंड. मेट्रोत खाणंपिणं केलं तरी १००, अगदी च्युइंगगमसुद्धा. आईने पर्समधून लिमलेटची गोळी काढली तेव्हा मी तिचा हात धरला होता. गोल्ड म्हणजे वरच्या वर्गाच्या डब्याचं भाडं दुप्पट आहे पण संध्याकाळच्या गर्दीत बाबांना बसायला मिळण्यासाठी ते मला वर्थ वाटतं.

आणि कारंजं चुकवू नका, संध्याकाळी सहानंतर दर अर्ध्या तासाने असतं, फुकट आहे. बुर्ज खलिफावर जायचंच असेल तर तिकीट घरूनच काढा, मावळतीच्या वेळेचं महाग पडतं. १२४व्या मजल्यापर्यंत लिफ्ट साधारण मिनिटभरात जाते, कानाला दडे बसतात हे आईबाबांना आधी सांगून ठेवा.

चहाबाज:
वरच्या दोघांशी सहमत. पण सगळे बुर्ज आणि मॉलच सांगतात, मला विचाराल तर आईबाबांची खरी संध्याकाळ खाडीवर होते. बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा पकडा, लाकडी होडी, मधोमध लांब बाक आणि लोक दोन्ही बाजूंना पाण्याकडे तोंड करून पाठीला पाठ लावून बसतात, भाडं एक दिरहम. १ दिरहम!! सुटी नाणी जवळ ठेवा. चढताना होडी हलते, माझे बाबा जरा बिचकले तर होडीवाल्याने न बोलता मनगट धरून बसवलं, आणि मग पलीकडे पोचेपर्यंत बाबा सीगल पक्षी बघत बसले, उतरायलाच तयार नाहीत. आम्ही तसेच परत फिरलो आणि पुन्हा गेलो, नऊ दिरहमात तिघांची तीनदा खाडी झाली.

पलीकडे देरा. उतरलं की मसाल्यांचा सूक म्हणजे बाजार, केशर, वाळवलेली काळी लिंबं, ऊद, आणि पुढे सोन्याचा. सूकमध्ये घासाघीस चालते, निम्म्यापासून सुरू करा. अलीकडच्या कापडबाजारात कोणी गळ्यात शाल घालायला आलं तर हात जोडून पुढे चालायचं, थांबलात की अडकलात. सोन्याचं मात्र नीट ऐका, इकडे परत येताना ड्युटी-फ्री सोन्याची जी सवलत सगळे सांगतात ती वर्षाहून जास्त परदेशात राहून येणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या टुरिस्टला ती नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सूकमधली बरीच दुकानं बंद असतात, त्या दिवशी तिकडे संध्याकाळीच जा.

निळी छत्री:
बापरे, खसखशीचं मला अजिबात माहीत नव्हतं, आत्ताच आईला सांगितलं, ती पाच मिनिटं गप्पच झाली. म्हणते मग तीळ लावून करते. मसाला राहू दे म्हणाली. अजून दोन प्रश्न, डेझर्ट सफारी करू का? आणि अबुधाबी एका दिवसात होतं का?

वाळूघड्याळ:
सफारीला जा पण ड्यून बॅशिंग नको. आमच्या एजंटने सगळ्यांना जमतं म्हणून सांगितलं, गाडी वाळूच्या टेकाडावरून अशी आदळली की आईची कंबर पुढचे दोन दिवस धरली होती. पाठ-कंबर-हार्ट यातलं काही असेल त्याने ते करूच नये. बुक करतानाच सांगायचं की आम्हाला सरळ रस्त्याने कॅम्पवर सोडा, बरेच जण तशी वेगळी गाडी देतात, आणि ते उत्तर लेखी मेसेजमध्ये घ्या. कॅम्पवरचा सूर्यास्त, जेवण, वाळूत अनवाणी बसणं, हे सगळं मिळतंच की. रात्री वाळू गार पडते, शाल घ्या. शाल तशीही लागणार, मॉलमधला एसी हाडात शिरतो.

बरदुबईकर:
अबुधाबी एका दिवसात होतं, पण दोनच गोष्टी धरा. अबू मुरेखाचं बीएपीएस स्वामीनारायण मंदिर वाटेवरच आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं, दगडावरचं कोरीवकाम बघत बाबा रमतील. तिथून दुपारी उशिरा शेख झायेद मशिदीत जा म्हणजे उजेडात पण बघाल आणि दिवे लागल्यावर पण. दोन्हीकडे प्रवेश मोफत, नोंदणी मात्र आधी ऑनलाइन करून ठेवा. मशिदीत बायकांनी डोकं झाकायचं, मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत कपडे. सलवार-कुर्ता आणि मोठी ओढणी उत्तम, साडीत पोट-पाठ दिसते म्हणून अडवू शकतात. आत चालणं भरपूर आहे, वयस्कर लोकांसाठी बग्गी असते, संकोच न करता मागा. बर दुबईतल्या अल गुबैबाहून ई१०० नंबरची बस थेट अबुधाबीला जाते आणि स्वस्त आहे, पण मधे मंदिर घ्यायचं तर तिघांसाठी दिवसभराची गाडीच ठरवा.

शारजाला बहिणीकडे संध्याकाळी पाच ते आठ या वेळात निघू नका, त्या रस्त्याला सगळी दुबई घरी परतत असते. दुपारी तीनला निघा, जेवून आरामात परत या. आणि तिला फोन करायचा तर व्हॉट्सअॅप कॉल होत नाही तिथे, मेसेज जातात पण व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल बंद. घरी रोज व्हिडिओवर बोलायचं असेल तर बोटिम नावाचं कॉलिंग अॅप वापरतात तिकडचे लोक, घरच्यांच्या फोनवर पण आधीच टाकून ठेवा, नाहीतर कॉल लागला नाही म्हणून इकडे सगळे काळजीत.

चहाबाज:
एक राहिलंच, प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो तिथे, अॅडॉप्टर न्या. आणि तुमचं विमान टर्मिनल २ ला उतरणार असेल तर तिथे मेट्रो नाही, ती १ आणि ३ लाच. बाहेर गुलाबी टपाच्या टॅक्सी दिसतील, त्या बायका चालवतात, बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी असतात, बाबा बरोबर असले तरी चालतं. विमानतळावरून मीटर २५ दिरहमपासून सुरू होतो, बर दुबईला फार होत नाही. पहिल्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, फक्त करक म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा आणि खाडी.

निळी छत्री:
लिहून घेतलं सगळं. एजंटच्या प्लॅनमधून रोजची दोन ठिकाणं उडवतेय, सफारीचं उत्तर लेखी मागितलंय. आईचा आत्ता फोन होता, तिळाचे अनारसे उद्या करून बघणार आहे, आणि साखर फुटाण्यांना बंदी नाही ना, असं विचारतेय!

बरदुबईकर:
नाही, न्या खुशाल.