यामातो स्टार वॉर्सची कॉपी नाहीये
एकाने म्हटलंय की 'सिंफनिक सूट यामातो'ची, म्हणजे यामातो या जपानी अंतराळ-कार्टून मालिकेच्या वाद्यवृंदी संगीताची, १९७७ची एलपी म्हणजे स्टार वॉर्स चाललं म्हणून घाईत काढलेला माल, तोवर मेको या संगीतकाराचं स्टार वॉर्सच्या संगीताचं डिस्को व्हर्जन अमेरिकेत नंबर वन झालेलं होतंच, मग जपान्यांनीही हात धुऊन घेतले. मेकोचं बरोबर आहे, बाकी पटलं नाही. जपानमध्ये स्टार वॉर्स लागला १९७८च्या उन्हाळ्यात आणि ही रेकॉर्ड ७७च्या डिसेंबरची, शिवाय यामातोची मूळ टीव्ही मालिका १९७४ची, ७७च्या ऑगस्टमध्ये त्याचा सिनेमा आला आणि तो चालल्यावर ही एलपी. म्हणजे वेड घरचंच होतं.

दुसरं म्हणजे यामातोचा संगीतकार हिरोशी मियागावा हा मुळात पॉपवाला माणूस, द पीनट्स या जुळ्या बहिणींची ६०च्या दशकातली बरीच गाणी त्याचीच, त्यामुळे व्हायोलिनांच्या ताफ्याखाली ड्रम आणि बेस गिटार घालायला त्याला कुणाकडून शिकायची गरज नव्हती. निखळ डिस्को नाहीये हे मान्य, नाचायला घ्याल तर फसाल. माझी कॉपी तोक्योत जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या गल्लीत मिळाली, ओबी (कव्हरभोवतीची ती कागदी पट्टी हो) कडेला फाटलेली म्हणून स्वस्तात. पहिल्या बाजूला सुरुवातीलाच गायिका काझुको कावाशिमाचा तो शब्दांशिवायचा आवाज येतो ना, तिथे नेमकी एक खरखर आहे, दोनदा धुतली तरी जात नाही. आता ती नसली तर चुकल्यासारखं वाटेल बहुतेक.